वायर गेली आणि कान बंद झाले

ब्लूटूथ चालू ठेवल्यानं विमान पडत नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी कुणाला मोबाइलच्या नावानं बोटं मोडणारा काका वाटायला नको. साक्रीच्या एसटी स्टँडवर, धुळ्याच्या कॉलेजात, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिल्यांदा विमानात बसणाऱ्याला जे फुकटचे सल्ले मिळतात, त्यांत ‘बड्स बंद ठेवजो, पायलटचं मशीन बिघडतं’ हा एक असतोच. सल्ला देणाऱ्यानं बहुतेकदा विमान खालूनच पाहिलेलं असतं. तरी त्याला हसू नका. एकेकाळी नियम जवळपास तसाच होता, आणि नियम बदलल्याची बातमी आपल्याकडे पोचायला वेळ लागतो.

माझं भांडण त्या सल्ला देणाऱ्याशी नाहीच. ज्याला नियम नीट माहीत आहे, त्याच्याशी आहे. त्याला ठाऊक असतं की ब्लूटूथ चालतं. म्हणून विमानाचं दार बंद व्हायच्या आधीच तो दोन्ही कानांत बड्स कोंबतो, नॉइज कॅन्सलेशन लावतो, हुडी डोक्यावर ओढतो, डोळे मिटतो आणि पुढचं शहर येईपर्यंत जगाला नॉट रिचेबल होतो. मधल्या काळात कुणीतरी त्याच्यापासून चार फुटांवर उभं राहून, आग लागली तर बाहेर कसं पडायचं ते हातवारे करून सांगत असतं. तो चुकतो आहे, असं माझं म्हणणं आहे. आणि त्याला तसं करू देणाऱ्या विमान कंपन्या त्याच्यापेक्षा जास्त चुकताहेत.

तांत्रिक भाग लवकर उरकू. ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफएएनं फ्लाइट मोडमधली उपकरणं उड्डाणाच्या सगळ्या टप्प्यांत वापरायची वाट मोकळी केली, आणि ब्लूटूथ कीबोर्डसारखी जवळच्या जवळ चालणारी साधनंही चालतील असं सांगितलं. युरोपनं त्याच वर्षाच्या अखेरीस तसंच केलं. आपल्या डीजीसीएनं एप्रिल २०१४ मध्ये फ्लाइट मोडमधल्या उपकरणांना परवानगी दिली. अडचण बड्सची कधी नव्हतीच, फोनच्या टॉवर शोधण्याची होती. आकाशात गेलेला फोन लांबचा टॉवर पकडायला पूर्ण ताकद लावतो, आणि जुने टूजी फोन तर दोन वॅटपर्यंत जोर लावायचे. बड्सचं ब्लूटूथ काही मिलिवॅटवर चालतं. तेही २४०० मेगाहर्ट्झच्या आसपास, आणि वैमानिक ज्यावर बोलतात तो रेडिओ असतो ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. दोघांची गाठ पडत नाही. तेव्हा फोन फ्लाइट मोडवर टाका, ब्लूटूथ चालू ठेवा, विमानाला काही होणार नाही.

होतं ते तुम्हाला. आणि त्यात वायर नसण्याचा मोठा वाटा आहे.

वायरचे हेडफोन होते तेव्हा दोन गोष्टी आपोआप घडायच्या. पहिली, वायर दिसायची. सीटांच्या मधून चालत येणाऱ्या क्रूला लांबूनच कळायचं की १४ सीच्या कानात काहीतरी आहे. खांद्याला हात लावून ‘सर, प्लीज’ म्हणता यायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं आयफोन ७ मधून हेडफोनचं भोकच काढून टाकलं, वर्षअखेरीस एअरपॉड्स आले, बाकीच्या कंपन्या मागोमाग निघाल्या, आणि आता हजार रुपयांच्या आत मिळणारे बड्स साक्रीच्या कुठल्याही मोबाइलच्या दुकानात काचेमागे टांगलेले असतात. केसांखाली, ओढणीखाली, टोपीखाली ते दिसतसुद्धा नाहीत. क्रूनं प्रत्येकाचे कान तपासायचे का?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फार थोड्यांच्या लक्षात येते. मोठ्या विमानांत सीटच्या पाठीवर स्क्रीन असतो. तिथं वायर खोचून सिनेमा बघत असाल आणि वैमानिक बोलायला लागला, तर सिनेमा थांबतो आणि घोषणा थेट तुमच्या कानात येते. ती सोय विमानाच्या यंत्रणेतच केलेली असते. तुमच्या खिशातल्या फोनला मात्र विमानात कोण काय बोलतंय याचा पत्ताही नसतो. त्याच्याशी ब्लूटूथनं जोडलेल्या बड्समध्ये घोषणा कधीच घुसणार नाही. आणि आपल्याकडच्या देशांतर्गत विमानांपैकी बहुतेकांत स्क्रीन नसतोच, म्हणजे सगळं मनोरंजन फोनवर. जुन्या वायरनं तुम्हाला नकळत विमानाशी बांधून ठेवलं होतं. वायरलेस म्हणजे तो बंधही सुटला.

नॉइज कॅन्सलेशनची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. अमर बोस हे नाव हेडफोन विकत घेताना ऐकलं असेल. वडील ननी गोपाल बोस बंगालचे स्वातंत्र्यसैनिक, इंग्रजांच्या ससेमिऱ्यातून सुटून अमेरिकेत गेलेले. मुलगा एमआयटीत प्राध्यापक झाला आणि स्पीकरची कंपनी काढली. १९७८ साली झुरिचहून बोस्टनला येताना त्यांनी विमान कंपनीनं दिलेले हेडफोन लावले, आणि इंजिनाच्या घरघरीपुढं संगीत धड ऐकूच येईना. त्याच प्रवासात त्यांनी वहीवर गणित मांडायला घेतलं: बाहेरचा आवाज मायक्रोफोननं टिपायचा, त्याची बरोबर उलटी लहर तयार करायची आणि कानात सोडायची, म्हणजे दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतील. १९८६ साली डिक रुटान आणि जीना येगर या दोघांनी न थांबता, इंधन न भरता पृथ्वीप्रदक्षिणा केली, त्या व्हॉयेजर विमानात या हेडसेटचे सुरुवातीचे नमुने होते. बाजारात तो १९८९ साली आला. कुणासाठी? वैमानिकांसाठी. प्रवाशांच्या कानापर्यंत यायला त्याला २००० साल उजाडलं.

म्हणजे हे यंत्र पहिल्यांदा विकलं गेलं ते जास्त नीट ऐकू यावं म्हणून. इंजिनाची घरघर पुसली की कंट्रोल टॉवरचा शब्द स्वच्छ कानी पडतो. धुळ्याजवळ गोंदूरला आणि शिरपूरजवळ तांड्याला वैमानिक घडवणाऱ्या संस्थांची लहान विमानं उडतात. आपल्या डोक्यावरून घिरट्या घालणाऱ्या त्या विमानात बसलेल्या पोराच्या कानांवरही हेडसेट असतो. त्याचं वय तुमच्याएवढंच. त्याच्या हेडसेटमधून एखादा आकडा ऐकायचा राहिला तर शेजारी बसलेला प्रशिक्षक त्याची हजेरी घेतो. मागच्या सीटवर बसणाऱ्या आपण तेच यंत्र घेतलं आणि काहीच ऐकू येऊ नये यासाठी वापरायला लागलो.

कुणी म्हणेल, नॉइज कॅन्सलेशन इंजिनासारखा सलग, खर्जातला आवाज मारतं, माणसाचं बोलणं त्यातून येतं. अर्धं खरं आहे. नुसतं कॅन्सलेशन लावून बसलात तर बोलणं थोडंफार ऐकू येईल. पण तुम्ही नुसते बसत नाही. सिलिकॉनच्या बोंडानं कानाचं भोक बंद होतं, वर गाणं चालू असतं, नाहीतर पॉडकास्ट. हा थर त्या थरावर चढला की क्रूचा आवाज म्हणजे पाण्याखालून कुणी हाक मारल्यासारखा.

आता यात बिघडतं कुठं? सगळ्या प्रवासात बिघडत नाही, आणि तसा माझा दावाही नाही. विमान वर गेलं, सीटबेल्टचा दिवा विझला, की खुशाल लावा. मी तर लावा म्हणून सांगेन. जेट विमानाच्या आत ८० डेसिबलच्या पुढं आवाज असतो. साध्या हेडफोनवर त्याच्या वरताण गाणं वाजवून कान किटवून घेण्यापेक्षा कॅन्सलेशन लावून कमी आवाजात ऐकणं केव्हाही चांगलं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल ही ऐकण्याची मर्यादा सांगते, ती पाळायला कॅन्सलेशनची मदतच होते. फोनचा स्पीकर फुल करून अख्ख्या गाडीला रील ऐकवणाऱ्यांपेक्षा तर कानात बड्स घालणारा शंभर पटीनं सुसंस्कृत. एसटी महामंडळाला २०२३ मध्ये परिपत्रक काढून सांगावं लागलं की बसमध्ये हेडफोनशिवाय मोठ्यानं काही वाजवू नका. साक्री डेपोच्या गाडीत ते किती पाळलं जातं हे तुम्ही रोज बघताच.

भांडण सुरुवातीच्या आणि शेवटच्या मिनिटांपुरतं आहे. विमानाचे बरेचसे अपघात उड्डाणाच्या पहिल्या काही मिनिटांत आणि उतरण्याच्या शेवटच्या काही मिनिटांत होतात. वैमानिकांना हे इतकं ठाऊक आहे की १०,००० फुटांच्या खाली कॉकपिटमध्ये कामाशिवाय एक शब्द बोलायचा नाही, असा नियम आहे. १९७४ साली शार्लटजवळ एक विमान धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. उतरताना वैमानिक राजकारणाच्या आणि जुन्या गाड्यांच्या गप्पा मारत होते. त्यात ७२ माणसं गेली. १९८१ साली अमेरिकेनं तो नियम केला आणि पुढं जगभर तो पाळला जाऊ लागला. दाराच्या पुढच्या बाजूला बसलेली दोन माणसं त्या मिनिटांत आपसात बोलतसुद्धा नाहीत. त्याच मिनिटांत दाराच्या मागच्या बाजूला आपण क्रिकेटचे हायलाइट्स बघत असतो.

‘पडलं तर सगळेच जातात, ऐकून काय उपयोग?’ हा युक्तिवाद मी इतक्या वेळा ऐकला आहे की त्याचं उत्तर पाठ झालंय. सगळे जात नाहीत. अमेरिकेच्या एनटीएसबीनं १९८३ ते २००० या काळातल्या तिथल्या विमान कंपन्यांच्या ५६८ अपघातांचा हिशेब मांडला. त्या विमानांत ५३ हजारांहून जास्त माणसं होती. त्यांतली ९५ टक्क्यांहून अधिक वाचली. अपघात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आगीचा लोळ येतो, कारण बातमी त्याचीच होते. बाकीचे अपघात म्हणजे धावपट्टीवरून घसरलेलं, चाक मोडलेलं, केबिनमध्ये धूर झालेलं विमान. त्यांतून माणसं चालत, पळत, घसरत बाहेर येतात. बाहेर यायला वेळ मात्र थोडा असतो. नव्या विमानाला मान्यता मिळताना अर्धीच दारं वापरून भरलेलं विमान ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं.

२ जानेवारी २०२४ ची संध्याकाळ. टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं जपान एअरलाइन्सचं एअरबस ए३५० धावपट्टीवरच्या तटरक्षक दलाच्या विमानावर आदळलं. पेटलेलं विमान घसरत जाऊन थांबलं. आत ३७९ माणसं. आठ दारांपैकी तीनच वापरण्याजोगी उरली होती. आणि घोषणेची यंत्रणा बंद पडली होती. क्रूकडं उरलं काय, तर मेगाफोन आणि घसा. ३७९ पैकी ३७९ माणसं बाहेर आली. विमान मागं पूर्ण जळून गेलं. (दुसऱ्या विमानातल्या पाच जणांना मात्र जीव गमवावा लागला.) लोकांनी बॅगा घेतल्या नाहीत याचं त्या वेळी जगभर कौतुक झालं. मला त्यातला घशाचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. ३७९ जणांनी माणसाचा नुसता आवाज ऐकून सांगितलेल्या दाराकडं जायचं होतं. माइक मेलेला असताना कॅन्सलेशन लावून झोपलेल्याला उठवायला किती सेकंद लागतात, याचा हिशेब करून बघा. आणि त्याच्या मागं अरुंद रस्त्यात उभे असलेले बाकीचे, त्यांचे सेकंदही त्यातच धरा. बड्स तुमचे, पण अडतो तो रस्ता सगळ्यांचा.

आता ती सुरुवातीची कवायत, पट्टा असा लावा, मास्क असा ओढा. ती ऐकून ऐकून कंटाळा येतो हे मान्य. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत उतरलेल्या विमानाची गोष्ट सगळ्यांना सिनेमामुळं माहीत आहे, कॅप्टन सलेनबर्गरांनी १५५ च्या १५५ माणसं वाचवली. चौकशी अहवालातली एक नोंद सिनेमात येत नाही: जवळपास ७० टक्के प्रवाशांनी सुरुवातीचं प्रात्यक्षिक पाहिलंच नव्हतं. सीटखालचं लाइफ जॅकेट घेऊन बाहेर पडणारे मोजकेच निघाले. जानेवारीतल्या बर्फाळ नदीत विमानाच्या पंखावर बाकीचे तसेच उभे. बोटी काही मिनिटांत आल्या म्हणून निभावलं.

सगळीकडं निभावत नाही. २३ नोव्हेंबर १९९६ ला इथिओपियन एअरलाइन्सचं अपहरण झालेलं विमान इंधन संपून कोमोरोस बेटांजवळ समुद्रात उतरलं. १७५ पैकी १२५ माणसं गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांनी लाइफ जॅकेट घातलं होतं, पण विमानाच्या आतच फुगवलं होतं. पाणी आत शिरलं तसे ते छताकडं उचलले गेले आणि बुडी मारून दारातून बाहेर पडता आलं नाही. ‘जॅकेट विमानाच्या बाहेर पडताना फुगवा’ हे वाक्य ज्या कवायतीत येतं, तीच ही कवायत. एका वाक्याची किंमत एवढी असू शकते. आमच्या साक्रीकडं कुठं समुद्र, असं म्हणाल तर जळगावहून विमान गोव्यालाच जातं.

जळगाववरून आठवलं, आता मूळ दुखण्याकडं येतो.

साक्रीला विमानतळ नाही. नागपूर-सुरत महामार्ग गावातून जातो, त्यावर डावीकडं वळायचं की उजवीकडं एवढंच ठरवायचं असतं: जळगाव, ओझर, शिर्डी नाहीतर सुरत. जळगावहून ‘उडान’ योजनेत डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईचं विमान सुरू झालं, बंद पडलं, दुसऱ्या कंपनीनं सुरू केलं, तेही थांबलं. २०२४ मध्ये फ्लाय ९१ नं गोवा, हैदराबाद, पुणे अशा फेऱ्या सुरू केल्या. म्हणजे ज्यांच्या घरात आजवर कुणी विमानात बसलं नव्हतं अशी माणसं आता बसताहेत. कांद्याचे पैसे आले म्हणून आईवडिलांना एकदा विमान दाखवणारी पोरं आहेत, पुण्याच्या कंपनीत लागलेल्या नातवाकडं निघालेल्या आज्या आहेत.

या पहिलटकरांना बघा. क्रू पुढं येऊन उभी राहिली की ते मान वर करून बघतात. पट्टा हातात घेऊन तिच्याबरोबर लावून बघतात. कार्ड काढून चित्रं न्याहाळतात. शाळेत बाई शिकवताना पहिल्या बाकावरचं पोर बघतं तसं. आणि मग त्यांची नजर शेजारी जाते. शेजारी तुम्ही असता. कानात पांढरे बड्स, डोळे फोनवर, चेहऱ्यावर ‘हे आमचं नेहमीचंच’ असा भाव. पहिलटकर ओशाळतो. कार्ड परत खिशात सरकवतो. पुढच्या वेळी तोही कानात काहीतरी घालून बसतो, कारण त्याला कळलेलं असतं की विमानात लक्ष देऊन ऐकणं हे गावठीपणाचं लक्षण आहे आणि न ऐकणं हे सवयीच्या माणसाचं. खानदेशातल्या माणसाला ‘गावठी’ दिसायची भीती किती असते हे पुण्या-मुंबईत चार वर्षं काढलेल्या कुणालाही विचारा. तुमचे बड्स त्या क्षणी गाणं वाजवत नसतात, हुद्दा दाखवत असतात.

मी एकदा इमर्जन्सी एक्झिटच्या रांगेत बसलो होतो. विमान कुठलं ते सोडा. शेजारच्या पोराला क्रूनं विचारलं की गरज पडली तर दार उघडायला तयार आहात ना. त्यानं कानातलं न काढता अंगठा वर केला. ती पुढं गेली. मी नंतर त्याला विचारलं, काय म्हणाली? ‘काय माहीत, ते सगळ्यांना विचारतात.’ त्याच्या पायाशी विमानाचं दार होतं.

याच्याशेजारी दुसरी घटना ठेवून बघा. सप्टेंबर २०२२ मध्ये विजयवाड्याहून हैदराबादला जाणाऱ्या इंडिगोच्या विमानात अशाच रांगेतून एका बाईंना उठवून दुसरीकडं बसवलं, कारण त्यांना फक्त तेलुगू येत होतं, हिंदी-इंग्रजी येत नव्हतं. सुरक्षेच्या सूचना कळायला हव्यात, हे कारण. नियम म्हणून ते बरोबर आहे, त्या रांगेतल्या माणसाला सूचना कळल्याच पाहिजेत. पण मग विमान आंध्रातून तेलंगणात जाणारं, आणि सूचना तेलुगूत नाहीत, यात उठवायला कुणाला हवं होतं? तेव्हा तेलंगणाचे मंत्री असलेल्या के. टी. रामाराव यांनी हाच मुद्दा जाहीरपणे मांडला. माझा पुढचा प्रश्न असा: भाषा न येणाऱ्या बाईंना कळत नाही म्हणून उठवायचं, आणि भाषा येणाऱ्या, पण कान बुजवून बसलेल्या पोराला अंगठ्यावर सोडून द्यायचं? ऐकू तर दोघांनाही आलेलं नसतं.

म्हणून विमान कंपन्या जास्त चुकताहेत असं मी वर म्हटलं. त्यांनी ही कवायत कुणी ऐकावी अशी ठेवलीच नाही. आधी हिंदीत, मग इंग्रजीत, दोन्ही वेळा एका दमात, जणू बोलणारीलाच ती लवकर संपवायची आहे. जळगावच्या विमानातल्या आजीला त्यातलं किती कळतं? डिसेंबर २०१८ मध्ये सुरेश प्रभू नागरी विमान वाहतूक मंत्री असताना विमानतळांवरच्या घोषणा आधी स्थानिक भाषेत, मग हिंदीत आणि इंग्रजीत करा, असा आदेश निघाला. चांगलं झालं. पण तो विमानतळाच्या इमारतीपुरता. म्हणजे गेट बदललं तर मराठीत कळायला हवं, आणि विमानाला आग लागली तर हिंदी-इंग्रजीत कळलं तरी चालेल.

यातून तोटा काय होतो तो जळगावच्याच विमानावरून सांगतो. फ्लाय ९१ कडं एटीआर ७२-६०० जातीची पंख्याची विमानं आहेत. (ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या बघत वाढलेल्या साक्रीकराला पाती बघून भीती वाटू नये, तरी वाटते.) एटीआर ७२ मध्ये प्रवासी मागच्या दारानं चढतात, पुढं सामान असतं. पहिल्यांदा बसलेला माणूस शेपटाकडून आत येतो, चालत पुढं जाऊन बसतो, आणि त्याच्या डोक्यात एकच दार असतं: आलो ते. पण केबिनच्या पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंना इमर्जन्सी एक्झिट असतात. ते दरवाजासारखे दिसत नाहीत. मागं धूर झाला तर पुढं जायचं, हे त्याला फक्त त्या कवायतीतून कळू शकतं. ती त्याच्या भाषेत नाही. आणि ज्याला भाषा कळते, जो त्याला ‘बाबा, पुढं पण दार आहे’ असं सांगू शकला असता, त्या शेजारच्या पोराच्या कानात बड्स आहेत.

अहिराणीत सांगा असा माझा हट्ट नाही, आवडलं असतं तरी. मराठीत सांगा. जळगाव, ओझर, शिर्डी, पुणे, मुंबई, कोल्हापूर, जिथून विमान उडतं किंवा जिथं उतरतं तिथली भाषा हिंदीच्या आधी. क्रूला मराठी येत नसेल तर रेकॉर्डिंग लावा. ‘आम्ही नियमाप्रमाणे घोषणा करतो’ हे उत्तर नको, नियम ऐकवण्याचा आहे का कळण्याचा, ते एकदा ठरवा.

बड्सचंही तसंच. फ्लाइट मोडला हो म्हणताना ऐकण्याचा प्रश्न वाऱ्यावर सोडला गेला. काही कंपन्यांच्या घोषणेत ‘हेडफोन काढा’ हे वाक्य येतं, काहींच्या येत नाही, आणि येतं तेव्हाही ते बड्स घातलेल्यालाच ऐकू येत नाही. हे वाक्य दार बंद होताना, चढताना नव्हे, क्रूनं सीटांमधून चालत, तोंडानं म्हणायला हवं, सीटबेल्ट तपासतात तसं. बेल्ट न लावलेल्याला कुणी ‘तुमची मर्जी’ म्हणत नाही. एक्झिटच्या रांगेत तर बड्स काढून तोंडानं ‘हो’ म्हटल्याशिवाय विमान हलू नये. डीजीसीएनं हे सगळ्या कंपन्यांना एकसारखं बांधून द्यावं. खर्च शून्य.

आणि तुम्हाला, कारण हा लेख तुम्ही बहुधा कानात बड्स घालूनच वाचता आहात: दार बंद झालं की दोन्ही काढा, एक नव्हे. डबीत ठेवा, डबी खिशात, कारण टेकऑफच्या धक्क्यात सीटच्या फटीत गेलेला बड काढायला हात घालत बसणं हा वेगळाच उद्योग होतो. आपल्या सीटपासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंतच्या रांगा मोजा. धुरात दिसत नाही, हातानं सीटच्या पाठी चाचपत जावं लागतं, तेव्हा तो आकडा लागतो. शेजारी पहिल्यांदा बसलेलं कुणी असेल, तर काका, मावशी, जे असेल ते म्हणून त्यांना दोन्ही दारं दाखवा. सीटबेल्टचा दिवा विझला की गाणं जिथं थांबवलं होतं तिथून सुरू करा. उतरायची घोषणा झाली की पुन्हा डबीत.

जळगावच्या विमानात अजून मराठी घोषणा होत नसेल, तर उतरल्यावर कंपनीच्या ॲपवर रेटिंग मागतात, तिथं एवढी एक ओळ लिहा. मराठीत लिहा.